पावडरचं माप: थ्रोअर नंतर, आधी काटा तपास

तू विचारलंस की ह्यूस्टनला गॅरेजमध्ये रीलोडिंग, म्हणजे घरीच काडतुसं भरणं, सुरू केलंय, .३०८ बोल्ट अ‍ॅक्शन आणि नाइन एमएम दोन्हीसाठी (पहिली रायफल, दुसरं पिस्तूल), आणि डिजिटल काट्यावर तोच चार्ज (एका काडतुसाची पावडर) तीनदा ठेवला तर ४१.५, ४१.६, मग ४१.९ ग्रेन दाखवतो, थ्रोअरसुद्धा (हँडल फिरवलं की मापाने पावडर टाकणारं यंत्र) वर-खाली ०.३ ग्रेन फिरतो, तर आता हजार डॉलरच्या आसपासचा काटा घ्यावा का. नको घेऊस, निदान आत्ता तरी नको. तुझे हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि आधी काट्याचा सोडवल्याशिवाय थ्रोअरबद्दल तुला काहीच खात्रीनं कळणार नाही, कारण थ्रोअर किती चुकतोय हे तू ज्या काट्यावर बघतोयस तोच हलतोय.

आधी आकड्यांचं बोलू, कारण आपल्याकडे ग्राम डोक्यात पक्का बसलेला असतो आणि ग्रेन नाही. एका पौंडात ७००० ग्रेन, एक ग्राम म्हणजे १५.४३ ग्रेन, आणि आपला जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. म्हणजे ०.१ ग्रेन हे साधारण साडेसहा मिलिग्रॅम झाले. आता एवढंसं वजन गॅरेजमधल्या टेबलावर पंखा चालू ठेवून मोजायचं म्हणजे काय अपेक्षा आहे बघ, सराफाच्या दुकानात काट्याला काचेची पेटी असते आणि तो दार लावून मगच आकडा वाचतो ते उगीच नाही. आणि काट्यावर युनिटचं बटण असतं ना, ते चुकून दाबलं जातं, ग्रॅमला एकच "जी" असतो आणि ग्रेनला बहुतेक काट्यांवर "जीएन", शिवाय कॅरेट, औंस असलंही काय काय असतं, म्हणून बसल्या बसल्या पहिली नजर युनिटवर, रोज, प्रत्येक वेळी.

०.१ ग्रेन कुठे महत्त्वाचा आणि कुठे नाही हे लक्षात आलं की निम्मं टेन्शन जातं. नाइन एमएममध्ये चार-साडेचार ग्रेनचा चार्ज असतो, त्यात ०.१ म्हणजे सरळ दोन-अडीच टक्के. जलद जळणाऱ्या पिस्तूल पावडरींमध्ये लोडिंग मॅन्युअलमधला स्टार्ट लोड (सुरुवातीचा चार्ज) आणि मॅक्स (जास्तीत जास्त चार्ज) यांच्यात कितीदा अर्धा ग्रेनसुद्धा अंतर नसतं, म्हणजे तुझा ०.३ चा फरक तिथे जवळजवळ सगळी मोकळी जागा खाऊन टाकतो. .३०८ मध्ये बेचाळीसच्या आसपास ग्रेन पावडर, तिथे ०.१ म्हणजे पाव टक्का, वेगात पाच-सहा फूट प्रति सेकंदाचा फरक, प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) आणि नेक टेन्शनमुळे (काडतुसाचं तोंड बुलेट किती घट्ट धरतं) जो फरक पडतो त्यात हा बुडून जातो, १०० यार्डांवर कागदावर तुला तो दिसणारच नाही. त्यामुळे लोक रायफलच्या पावडरसाठी दाणा दाणा मोजत बसतात आणि पिस्तूलचे चार्ज भराभर टाकतात, ते खरं तर उलट पाहिजे. मॅक्सपासून लांब रहा, मॅन्युअलमधल्या स्टार्ट लोडपासून वर चढत जा, मग काट्याच्या छोट्या चुकीला जागा राहते. फक्त हे सगळ्या पावडरींना लागू नाही, एच-११० सारख्या मॅग्नम पावडरी मॅन्युअलमध्ये दिल्यापेक्षा खूप कमी करणं हेही धोक्याचं असतं, त्यामुळे मनाने ना वर ना खाली, मॅन्युअल समोर उघडं ठेवूनच काम.

आता तुझा काटा. तुझे तीन आकडे बघ, ४१.५, ४१.६, ४१.९, तिन्ही वरच जातायत. इकडे-तिकडे उडत असते तर मी म्हणालो असतो वारा लागतोय. एकाच दिशेला सरकतोय म्हणजे काटा अजून गरम होतोय किंवा गॅरेजचं तापमान बदलतंय. या किमतीतल्या बहुतेक काट्यांत आत स्ट्रेन गेजवाला लोड सेल असतो, धातूची छोटी पट्टी वजनाने अगदी किंचित वाकते आणि त्यावरचा रोध बदलतो, तो बदल मोजून आकडा येतो. ती पट्टी आणि ते सर्किट तापमानाला हळवं असतं. म्हणून काटा चालू करून अर्धा तास तरी तसाच सोडायचा, मग कॅलिब्रेट करायचा, मग काम. बॅटरीवर चालवू नकोस, अ‍ॅडॅप्टर लाव, बॅटरीवर काटे स्वतःहून बंद होतात आणि परत चालू केलं की वॉर्म-अप पहिल्यापासून. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात गॅरेजचं दार उघडं ठेवून एसी किंवा पंखा लावून बसत असशील तर तापमान आणि वारा दोन्ही तूच हलवतोयस. शक्य असेल तर काटा घरात एखाद्या खोलीत घेऊन बस, व्हेंट बंद कर, वरचा पंखा बंद कर.

मग बैठक. काटा त्याच बेंचवर ठेवतोस का ज्यावर प्रेस (काडतुसं भरायचं हँडलवालं यंत्र) बोल्ट केलाय? तर तो तिथून हलव. हँडल ओढलं की सगळा बेंच दबतो, आणि काटा लेव्हलमधून किंचित जरी निघाला तरी शून्य सरकतं. वेगळं स्टूल, त्यावर जाड फरशीचा तुकडा, बबल मधोमध, चारी पाय टेकलेले. मोबाइल काट्याशेजारी ठेवू नकोस, काही काटे फोनच्या सिग्नलने खरंच वेडेवाकडे आकडे दाखवतात. आणि आकडा एकदम उडी मारून तिथेच बसून राहिला तर स्टॅटिकचा संशय घे, प्लास्टिकची पॅन, प्लास्टिकचं झाकण, अंगातलं फ्लीसचं जॅकेट, हे सगळं चार्ज धरतं, ह्यूस्टनला दमटपणामुळे कमी होईल पण हिवाळ्यात हीटर चालू झाला की होतंच.

एक सवय लाव जी फुकट आहे आणि मला वाटतं सगळ्यात उपयोगी आहे. पॅन ठेवून काटा शून्य केलास की पॅन उचल, काटा उणे आकडा दाखवेल, समज उणे १५२.४, तेच पॅनचं वजन. हा आकडा मास्किंग टेपवर लिहून काट्यावर चिकटव. आता प्रत्येक चार्ज ब्रासमध्ये (रिकाम्या काडतुसात) ओतायला तू पॅन उचलणारच आहेस, त्या क्षणी नुसती नजर टाकायची, १५२.४ आहे ना? आहे, पुढे चल. १५२.६ झालं की थांब, शून्य सरकलंय, आणि मधले जे दोन-चार चार्ज झाले असतील ते परत मोज. वेगळा वेळ लागत नाही, आणि ड्रिफ्ट गुपचूप वाढत जाऊन पन्नास राउंड बिघडवतो तो प्रकार बंद होतो.

कॅलिब्रेशन झालं म्हणजे काटा बरोबर झाला असं मात्र समजू नकोस. काट्याबरोबर जे वजन येतं ते बहुतेक २० किंवा ५० ग्रॅमचं, म्हणजे ३०९ किंवा ७७२ ग्रेन. तू मोजणार चार आणि बेचाळीस ग्रेन. शून्य आणि ते वजन अशी दोन टोकं बरोबर असली तरी तुझ्या कामाच्या जागेवर काटा बरोबर आहे की नाही ते वेगळं बघावं लागतं, त्यासाठी मिलिग्रॅमच्या छोट्या चेक वेट्सचा एक सेट घे, एम-१ वर्गाचा (वजनांच्या अचूकतेचा वर्ग) चालतो, एफ-१ मिळाला तर उत्तम. एम-१ मध्ये २ ग्रॅमच्या वजनाला सव्वा मिलिग्रॅमच्या आत चूक चालते म्हणजे ०.०२ ग्रेन, आपल्या कामाला भरपूर झालं. आता २ ग्रॅम, ५०० मिलिग्रॅम आणि २०० मिलिग्रॅम पॅनमध्ये एकत्र ठेव, २.७ ग्रॅम, म्हणजे ४१.६७ ग्रेन, काट्यावर ४१.६ किंवा ४१.७ यायला पाहिजे. नाइन एमएमसाठी २०० आणि १०० मिलिग्रॅम, ४.६३ ग्रेन, म्हणजे ४.६ दिसलं पाहिजे. चिमट्यानेच उचल, बोटाचं तेल लागतं. निकेलचं नाणं ५ ग्रॅमचं असतं म्हणून बरेच जण तेच वापरतात, पण नाणं चलनात झिजलेलं असतं, त्याने काटा बरोबर आहे हे सिद्ध होत नाही. हां, एकच नाणं किंवा एकच बुलेट वेगळी डबीत ठेवून रोज तिचा तोच आकडा येतो का हे बघायला चालेल, काटा कालच्यासारखाच वागतोय का एवढं त्यातून कळतं.

आणि ट्रिकलर, म्हणजे एकेक दाणा टाकायचं छोटं साधन. ट्रिकलरने एकेक दाणा टाकताना स्वस्त काट्यांना कितीदा कळतच नाही की वजन वाढतंय, कारण शून्य स्थिर ठेवायला आतलं सॉफ्टवेअर छोटे, हळू बदल ड्रिफ्ट समजून पुसून टाकतं. तू टाकत राहतोस, आकडा तिथेच, आणि मग एकदम ०.३ ने उडी. उपाय सोपा आहे, शेवटचे दाणे टाकून झाले की पॅन उचल, उणे आकडा बघ, परत ठेव, जो आकडा स्थिर होईल तोच खरा.

जुना बीम स्केल (दांडीचा, सरकत्या वजनांचा काटा) कुठे सेकंडहँड मिळाला तर घेऊन ठेव, आरसीबीएस ५-०-५ किंवा ओहाउसने बनवलेला १०-१०. वीज नाही, वॉर्म-अप नाही, ड्रिफ्ट नाही. माझं तर म्हणणं आहे की प्रत्येकाकडे दोन वेगळ्या जातीचे काटे असावेत, एक डिजिटल आणि एक बीम, कारण दोघांच्या चुका होण्याच्या जागा वेगळ्या आहेत, दोघं एकच आकडा सांगत असतील तर निर्धास्त. बीमची धार आणि अ‍ॅगेटचे खडे कोरड्या ब्रशने साफ ठेवायचे, तेल अजिबात लावायचं नाही. डोळा काट्याच्या टोकाच्या बरोबर समोर, वरून वाचलंस की फरक पडतो, काही जण टोकासमोर वेबकॅम लावतात ती चांगली आयडिया आहे. बीमवरचा मोठा धोका म्हणजे मोठं सरकतं वजन एक खाच चुकणं, ती चूक ०.१ ची नसते, पाच-दहा ग्रेनची असते. म्हणून सेट केल्यावर आकडा मोठ्याने वाच आणि चेक वेटने एकदा पडताळ.

आता थ्रोअर. काटा ठीक झाल्यावर कदाचित तुझा ०.३ चा फरक अर्धा होईल. बाकीचा पावडरच्या आकारामुळे आहे, थ्रोअरचा दोष नाही. ड्रम (मापाची पोकळी असलेला फिरता भाग) असलेला कुठलाही थ्रोअर वजन मोजतच नाही, तो जागा भरतो. बॉल पावडर वाळूसारखी वाहते, सीएफई २२३ सारखी पावडर बऱ्या थ्रोअरमधून ०.१ च्या आत पडते. फ्लेक पावडर थोडी हट्टी, छोट्या चार्जला जास्तच. आणि काड्यांसारखी एक्स्ट्रुडेड पावडर, तू व्हार्गेट वापरतोस म्हणालास, ती ड्रममध्ये कधी आडवी पडते कधी उभी, म्हणून ०.२-०.३ चा फरक तिला नॉर्मल आहे. हँडल फिरवताना मध्येच कट्ट असं अडकल्यासारखं लागतं ना, तेव्हा ड्रमच्या धारेखाली एक काडी सापडून तुटते. त्या वेळी जोर वाढतो, ड्रमला हिसका बसतो आणि वरची पावडर आणखी दबते, तो चार्ज आणि त्याच्या पुढचाही हॉपरमध्ये (थ्रोअरवरच्या पावडरच्या भांड्यात) परत ओतायचा, वापरायचा नाही.

बाकी थ्रोअरमध्ये सगळं काही एकसारखं करण्यावर आहे. हॉपर अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही, आत बॅफल (आडवी पट्टी) लावायचा म्हणजे वरच्या पावडरचं ओझं थेट ड्रमवर येत नाही. भरल्यावर सुरुवातीचे बरेचसे चार्ज परत ओतायचे, पावडर बसायला वेळ लागतो. हँडल वर त्याच वेगाने, तिथे थांबा तेवढाच, खाली त्याच वेगाने, टोकाला टक् करायचं असेल तर प्रत्येक वेळी करायचं, नसेल तर कधीच नाही. मायक्रोमीटर (चार्ज कमी-जास्त करायचा स्क्रू) सेट करताना नेहमी एकाच दिशेने आकड्यावर ये, पुढे गेलास तर मागे बरंच येऊन परत पुढे जा, धाग्यात ढिलाई असते. पिस्तूलसाठी वेगळा छोटा ड्रम मिळत असेल तर तो लावायलाच पाहिजे, रुंद ड्रममध्ये चार ग्रेन म्हणजे तळाशी पातळ थर, त्यात अचूकता येत नाही. हॉपर नवा असेल तर डिश सोपने धुऊन तसाच वाळू दे, फडक्याने पुसू नकोस, पुसण्यानेच स्टॅटिक होतं.

तपासताना लोक दहा चार्ज एकत्र पॅनमध्ये टाकून दहाने भागतात. सेटिंग जुळवायला ते चांगलं आहे, काट्याची चूक विभागली जाते. पण त्यातून फक्त सरासरी कळते, एक ३.८ आणि एक ४.६ पडला असेल तरी सरासरी छान ४.२ दिसेल. म्हणून सरासरी जुळली की दहा चार्ज वेगवेगळे पण मोज आणि सगळ्यात मोठा नि सगळ्यात छोटा लिहून ठेव. नाइन एमएमचं सेटिंग त्या मोठ्या आकड्याकडे बघून ठरव, सरासरीकडे बघून नाही.

व्हार्गेटसाठी माझी पद्धत म्हणजे थ्रोअर मुद्दाम अर्धा ग्रेन कमी सेट करायचा, पॅनमध्ये टाकायचं, काट्यावर ठेवायचं आणि ट्रिकलरने वर आणायचं. व्हार्गेटचा एक दाणा अंदाजे ०.०२ ग्रेनचा असतो, म्हणजे ०.१ मध्ये चार-पाच दाणे. त्यापलीकडे दाणे मोजायची तुला गरज नाही. शॉर्ट रेंज बेंचरेस्टवाले, १०० आणि २०० यार्डांवर एकाच भोकात पाच गोळ्या घालणारे लोक, त्यातले कितीतरी जण रेंजवरच हॅरल्स कंपनीच्या थ्रोअरने व्हॉल्यूमवर टाकतात आणि वजन करतच नाहीत. पण त्यांचा हात इतका एकसारखा चालतो की बघत रहावं.

आता जे सांगतोय ते ०.१ पेक्षा खूप मोठं आहे. बंदूक फुटते ती ०.१ ने नाही, ती फुटते दुप्पट चार्जने, चुकीच्या पावडरने, किंवा पावडर पडलीच नाही त्याने. टाइटग्रुपसारखी दाट पावडर नाइन एमएमच्या ब्रासमध्ये इतकी थोडी असते की दुप्पट पडली तरी ती ओसंडत नाही, वरून बुलेट आरामात बसते. नव्या माणसाने म्हणूनच फुगीर, जास्त जागा घेणारी पावडर निवडावी, दुप्पट पडली तर बाहेर सांडून स्वतःच ओरडून सांगेल अशी. लोडिंग ब्लॉकमध्ये पन्नास ब्रास उभे कर, सगळ्यांत पावडर टाक आणि बुलेट बसवायच्या आधी टॉर्च घेऊन प्रत्येकात वाकून बघ, सगळ्यांची पातळी एक दिसली पाहिजे, एकही जास्त एकही रिकामा नाही. मध्ये फोन आला, मुलं आली, तर ज्या ब्रासवर होतास तो आणि त्याच्या आसपासचे रिकामे करून परत टाक. पुढे प्रोग्रेसिव्ह प्रेस (एका हँडलला अनेक पायऱ्या करणारा) घेशील तर लक्षात ठेव, डिलन ५५० मध्ये ब्रासची प्लेट हाताने फिरवावी लागते, फिरवायची राहिली की त्याच ब्रासमध्ये दुसऱ्यांदा पडते. पावडर चेक डाय (ब्रासमधली पावडरची पातळी तपासणारा) लावायला जागा असलेला प्रेस असेल तर तो लावायचाच.

आणि रेंजवर एखादा शॉट फुस्स वाटला, आवाज कमी, धक्का कमी, तर तिथेच थांब, मॅगझिन काढ, बंदूक रिकामी कर आणि बॅरलमधून रॉड घालून बघ. पावडरशिवाय नुसत्या प्रायमरने बुलेट बॅरलमध्ये अडकते आणि त्याच्यामागे दुसरी मारली की बॅरल फुगते किंवा फुटते. बाजूला घाई करणारे मित्र असले तरी थांबायचं.

बेंचवर एका वेळी एकच पावडरचा डबा. आयएमआर ४३५० आणि एच-४३५० नावं जवळजवळ सारखी, पावडरी वेगळ्या, लोड वेगळे. काम संपलं की हॉपर रिकामा करून पावडर तिच्याच मूळ डब्यात, कारण उद्या सकाळी हॉपरमध्ये काय होतं हे आठवणीवर सोडायचं नसतं, शिवाय काही पावडरी प्लास्टिक खातात. ह्यूस्टनच्या दमट हवेत झाकण उघडं राहिलं तर पावडर ओलावा धरते, मग तेवढ्याच वजनात जळणारा माल कमी आणि वेग बदललेला, आणि तू काट्याला दोष देत बसशील. नवीन लॉट नंबरचा डबा उघडलास की थोडं खाली येऊन परत वर चढ.

तू लिहिलंस की पुण्यात तुझा चुलतभाऊही शूटिंग करतो आणि त्याला हे सगळं दाखवणार आहेस. दाखव, पण त्याला स्पष्ट सांग की भारतात शस्त्र कायदा १९५९ खाली काडतुसं बनवायला परवाना लागतो, बंदुकीचा परवाना असला म्हणून घरी बसून भरता येत नाहीत. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, तिकडचं गणित पूर्ण वेगळं आहे.

महागडा काटा कधी घ्यायचा म्हणशील तर ए अँड डी एफएक्स-१२०आय सारखे काटे स्ट्रेन गेजवर नाही, चुंबकीय बलाने तोल साधून मोजतात, मिलिग्रॅमपर्यंत म्हणजे एका दाण्यापर्यंत दाखवतात आणि ट्रिकलरला लगेच प्रतिसाद देतात. ६०० किंवा १००० यार्डांची मॅच मारायला लागलास, क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेगाचा फरक एक आकडी आणायचा आहे, ब्रास आणि नेक टेन्शनचं काम आधीच झालंय, तेव्हा तो काटा पैसे वसूल करून देतो. १०० यार्डांवर नाही. तू आत्ता वीस-तीस डॉलरचा वेट सेट मागव, काटा घरात आण, अर्धा तास तापू दे, २.७ ग्रॅम दहा वेळा ठेवून दहा आकडे लिही आणि प्रत्येक वेळी पॅन उचलल्यावरचा उणे आकडा शेजारी लिही. मग ते आकडे मला पाठव, काट्यातच खोट असेल तर त्यातून लगेच दिसेल. तोपर्यंत नाइन एमएम भरू नकोस.